ऑपरेशनच्या अंदाजपत्रकात नसलेली ओळ: ट्रोपोनिन

गंगापूर तालुक्यातल्या सत्तरीच्या माणसाचा अंगणात पाय घसरून खुबा मोडला, की घरचे दोनच प्रश्न घेऊन गाडीत बसतात: कुठे न्यायचं आणि किती लागतील. वाळूजमार्गे छत्रपती संभाजीनगर गाठलं जातं आणि काउंटरवर अंदाजपत्रक हातात पडतं. सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, थिएटर, इम्प्लांट, बेड, औषधं, ‘फिटनेस’चे रिपोर्ट. या कागदावर सहसा एक ओळ नसते आणि ती नाही हे कुणाच्या लक्षातही येत नाही. ऑपरेशननंतरच्या दोन दिवसांत हृदयाला इजा झाली का, हे सांगणाऱ्या रक्तचाचणीची ती ओळ. चाचणीचं नाव ट्रोपोनिन. खासगीत आधीची एक आणि नंतरच्या दोन मिळून साधारण तीन ते सहा हजार रुपये लागतात. ऑपरेशन सरकारी आरोग्य योजनेतून होत असेल आणि डॉक्टरांनी चाचणी लिहून दिली असेल, तर वेगळे पैसे द्यायचे नसतात.

लाखाच्या बिलात ही रक्कम मोठी नाही. पण ती प्रत्येकाने खर्च करावी अशीही नाही. कुणी करावी, कुणी करू नये आणि कुठे हात आखडता घ्यावा, ते पाहू.

छातीत कळ येतच नाही

हार्ट अटॅक म्हटलं की छाती धरून घामाघूम झालेला माणूस डोळ्यांपुढे येतो. ऑपरेशननंतर हे चित्र फारसं दिसत नाही. रुग्ण भुलीच्या गुंगीत असतो, वेदनाशामक इंजेक्शनं चालू असतात आणि जखमेच्या ठणक्यापुढे छातीतली बारीक कळ जाणवत नाही. श्वास जड झाला तर घरचे म्हणतात, अशक्तपणा आहे. नाडी वाढली तर वाटतं, दुखत असेल.

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. स्नायूला इजा झाली की ते रक्तात उतरतं. रुग्णाला काही जाणवो वा न जाणवो, आकडा वाढतो. ऑपरेशनच्या काळात इजा होण्याची कारणं बरीच आहेत. रक्तदाब घसरतो, रक्त जातं, ठोके वाढतात, प्राणवायू कमी पडतो. आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांतून हृदयाला पुरेसं रक्त पोचत नाही. क्वचित गुठळीही होते.

हे किती जणांना होतं, याचा सर्वांत मोठा अभ्यास कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचे डॉ. पी. जे. डेव्हरो यांच्या पुढाकाराने झाला. त्याचं नाव ‘व्हिजन’. १३ देशांतली रुग्णालयं त्यात होती, भारतही होता. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भागात ४५ वर्षांवरच्या २१,८४२ रुग्णांचं ऑपरेशननंतर ट्रोपोनिन तपासलं गेलं. ही हृदयाची ऑपरेशनं नव्हती. हाडाची, पोटाची, रक्तवाहिन्यांची अशी इतर ऑपरेशनं होती, ज्यांत रुग्णाला किमान एक रात्र रुग्णालयात काढावी लागते. शंभरातल्या सुमारे १८ जणांच्या हृदयाला इजा झालेली आढळली. त्यांतल्या ९३ टक्के लोकांना हृदयविकाराचं कोणतंही लक्षण नव्हतं. रक्त तपासलं नसतं, तर ते घरी जाताना ‘सगळं छान झालं’ असंच म्हणत गेले असते.

आकड्याला वजन आहे. याच अभ्यासात ट्रोपोनिन-टी २० ते ६५ नॅनोग्रॅम प्रति लिटरच्या दरम्यान गेलेल्यांपैकी ३ टक्के रुग्ण महिन्याभरात दगावले, ६५ ते १००० मध्ये ९ टक्के, आणि हजाराच्या वर गेलेल्यांत जवळपास ३० टक्के. आकडा ५ च्याही खाली राहिलेल्यांत हे प्रमाण हजारात एक इतकं कमी होतं.

कुणी मागायची, कुणी नाही

युरोपीय हृदयरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०२२ च्या सूचनांनुसार वय ६५ किंवा त्यावर असेल, हृदयविकार असेल किंवा मधुमेह, रक्तदाब यांसारखी जोखीम असेल आणि ऑपरेशन मध्यम किंवा मोठं असेल, तर तीनदा ट्रोपोनिन करावं: आधी, नंतर २४ तासांनी आणि ४८ तासांनी. अमेरिकेतल्या संघटनांनी २०२४ मध्ये हीच शिफारस बऱ्याच सौम्य शब्दांत केली. फरकाचं कारण प्रामाणिक आहे. धोका कुणाला आहे हे चाचणी उत्तम सांगते. पण निव्वळ चाचणी केल्यानेच जास्त जीव वाचतात, हे थेट सिद्ध करणारा अभ्यास अजून झालेला नाही. म्हणून ही चाचणी झाली नाही तर डॉक्टर चुकले, असं कुणी म्हणू नये. माझं मत मात्र युरोपच्या बाजूने आहे आणि आपल्याकडे तर जास्तच. कित्येकांना आपल्याला शुगर आहे हे ऑपरेशनआधीच्या तपासणीतच पहिल्यांदा कळतं.

खुब्याचं ऑपरेशन, गुडघा बदलणं, आतड्याचं किंवा कॅन्सरचं मोठं ऑपरेशन, पायाच्या रक्तवाहिनीचं ऑपरेशन, आणि रुग्ण पासष्टीच्या पुढचा, किंवा पंचेचाळिशीनंतरचा पण आधी अटॅक, अँजिओप्लास्टी, लकवा, किडनीचा आजार झालेला, किंवा बरीच वर्षं मधुमेह असलेला. अशा घरांनी हा प्रश्न विचारलाच पाहिजे. आणि मोतीबिंदू, दात, चामडीखालची गाठ, तिशी-चाळिशीच्या धडधाकट माणसाचा हर्निया, तरुण बाईचं सुरळीत सिझेरियन? यांसाठी ट्रोपोनिनवर पैसे घालू नका. कुणी पॅकेजमध्ये सरसकट लावलं असेल, तर कशासाठी, असं विचारा.

किती मोजायचे

पुढचे दर खासगी लॅब आणि रुग्णालयांतले साधारण दर आहेत. ठिकाणाप्रमाणे ते हलतात, म्हणून आधी फोन करून विचारावं.

ट्रोपोनिनचे दोन प्रकार ग्राहकापुढे येतात. पहिला कार्डवरचा, लोकांच्या तोंडी ‘ट्रॉप-टी कार्ड’. रक्ताचे थेंब टाकायचे, रेघ आली तर पॉझिटिव्ह. पाचशे ते बाराशे रुपये. तालुक्याच्या ठिकाणी बहुधा हाच मिळतो. छातीत दुखतंय म्हणून धावत आलेल्या माणसासाठी तो उपयोगी आहे. पण ऑपरेशननंतरची बारीक वाढ कार्डावर उमटत नाही. ‘कार्ड निगेटिव्ह आलं, म्हणजे हृदयाला काही नाही’ हा निष्कर्ष इथे चालत नाही.

दुसरा प्रकार यंत्रावर आकडा देणारा, त्यातही ‘हाय सेन्सिटिव्हिटी’ असं लिहिलेला. एका वेळेचे हजार ते दोन हजार, काही ठिकाणी अडीचपर्यंत. आपल्याला हाच हवा. पहिला नमुना ऑपरेशनआधीच्या बाकीच्या रक्तासोबतच घेता येतो, त्यासाठी वेगळी सुई टोचावी लागत नाही. उपाशी राहावं लागत नाही. यंत्र त्याच इमारतीत असेल तर रिपोर्ट तासा-दोन तासांत मिळतो.

आधीची चाचणी वाचवावी असा मोह होईल. तो टाळा. किडनीचा जुना आजार किंवा अशक्त हृदय असलेल्यांचं ट्रोपोनिन कायमच थोडं वाढलेलं असतं. आधीचा आकडा हाती नसला, तर नंतरचा वाढलेला आकडा आजचा की जुनाच, हे ठरवता येत नाही. मग त्या शंकेपायी आयसीयूचा एखादा दिवस जास्त लागू शकतो आणि त्या एका दिवसाच्या पैशात या तिन्ही चाचण्या झाल्या असत्या.

एनटी-प्रोबीएनपी ही दुसरी चाचणी कॅनडाच्या पद्धतीत आधी करतात. ३०० च्या खाली आली तर नंतरचं ट्रोपोनिन करत नाहीत. तिथल्या हिशेबात ते बसतं. आपल्याकडे तिचे दोन ते साडेतीन हजार पडतात, म्हणजे जवळपास दोन ट्रोपोनिन. खुबा मोडलेल्या ऐंशीच्या म्हातारीत ती वाढलेली येण्याचीच शक्यता जास्त. तेव्हा पुढचे ट्रोपोनिन करावेच लागतील आणि खर्च वर चढेल. गुडघा बदलायला निघालेल्या पासष्टी ओलांडलेल्या ठणठणीत माणसात मात्र ती पैसे वाचवू शकते. डॉक्टरांनी लिहिली तर हा हिशेब त्यांच्यासमोर मांडा.

आता हात कुठे आखडायचा. ऑपरेशनआधी ‘फिटनेस’साठी टू-डी इको सांगितला जातो, दीड ते अडीच हजार. दम लागत असेल, पाय सुजत असतील, डॉक्टरांना हृदयात नवा आवाज ऐकू आला असेल, तर इको हवाच. पण कॅनडाच्या हृदयरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१७ च्या सूचना स्पष्ट आहेत: नुसता धोका मोजायला सरसकट इको करू नका. आपल्याकडे उलटं दिसतं. इको होतो, त्याची फाइल जाडजूड होते आणि ऑपरेशननंतर, जेव्हा खरा धोका असतो, तेव्हा रक्त कुणी तपासत नाही. हाताशी दोन हजारच असतील आणि इकोसाठी ठोस कारण नसेल, तर ते पैसे ट्रोपोनिनकडे वळवता येतील का, हे फिजिशियनला जरूर विचारा. सीपीके-एमबी ही जुनी चाचणीही जोडीला नको. ऑपरेशनमध्ये कापल्या गेलेल्या स्नायूंमुळेही ती वाढते. ईसीजी मात्र स्वस्त आहे, दीडशे-तीनशे रुपये, आणि आधीचा एक ईसीजी हाताशी असलेला केव्हाही चांगला.

बिलात आणखी दोन ठिकाणी लक्ष हवं. बऱ्याच खासगी रुग्णालयांत एकाच चाचणीचा दर जनरल वॉर्डात वेगळा आणि स्पेशल रूममध्ये वेगळा असतो. शिवाय पॅकेजमध्ये ‘तपासण्या समाविष्ट’ असं लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ ऑपरेशनआधीच्या तपासण्या एवढाच असू शकतो. नंतरचं ट्रोपोनिन त्यात आहे की नाही, हे सही करण्याआधी अंदाजपत्रकावर पेनाने लिहून घ्या. राज्याच्या २०२१ च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. ते मागायला संकोच कसला?

गंगापूरहून कुठे, कोणत्या कागदावर

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून सर्व सेवा निःशुल्क आहेत. गंगापूरचं सरकारी रुग्णालय आणि चिकलठाण्याचं जिल्हा रुग्णालय यात येतात. घाटी (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे, तिला तो निर्णय लागू झाला नव्हता. तिथे सरकारी दराचं माफक शुल्क लागू शकतं. सरकारी ठिकाणी विचारायचा प्रश्न पैशाचा नाही, उपलब्धतेचा आहे: आकडा देणारं ट्रोपोनिन इथे होतं का, रात्री आणि रविवारी होतं का, किट संपलंय का. नसेल तर बाहेरच्या लॅबसाठी चिठ्ठी मागा. नमुना घेऊन जाणारा लॅबचा माणूस असावा, नातेवाईक नव्हे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सर्व रेशनकार्डधारक कुटुंबांना खुली आहे आणि वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. पॅकेजमध्ये तपासण्या, औषधं, जेवण आणि घरी गेल्यावरची ठरावीक दिवसांची औषधं धरलेली असतात. म्हणून ऑपरेशन योजनेतून होत असताना ‘ही चाचणी वेगळी, तिचे पैसे भरा’ असं कुणी म्हणालं, तर पैसे भरण्याआधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे जा. तिथे दाद लागली नाही तर १५५३८८ किंवा १८००२३३२२०० या क्रमांकावर फोन करा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. काही ऑपरेशनं फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत, तेव्हा खासगीत भरती होण्याआधी तेही विचारून घ्या.

वाळूज एमआयडीसीत नोकरी असलेला मुलगा किंवा मुलगी घरात असेल, तर एक गोष्ट हमखास विसरली जाते. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि ईएसआय कापला जात असेल, तर अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही उपचार मिळतात. त्यासाठी त्यांची नावं आधी नोंदवलेली हवीत. खुबा मोडल्यावर रात्री एचआरला फोन करून ते काम होत नाही. आजच करून ठेवा.

शहरात न्यासांनी चालवलेली मोठी रुग्णालयं आहेत, डॉ. हेडगेवार रुग्णालय आणि एमजीएम लोकांच्या ओळखीची आहेत. धर्मादाय नोंदणी असलेल्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. निर्धनांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १,८०,००० आणि दुर्बल घटकांसाठी ३,६०,००० रुपये. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि गंगापूरची तहसील तर आपल्याच गावात आहे. रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा आणि डिस्चार्जच्या दिवसाची वाट न पाहता भरतीच्या दिवशीच भेटा.

रिपोर्ट हातात आल्यावर

आधी एकक बघा. काही लॅब नॅनोग्रॅम प्रति लिटरमध्ये आकडा देतात, काही नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये. ०.०१४ आणि १४ हे एकच माप आहे, हजाराचा फरक फक्त लिहिण्यात. काल ०.०२ होतं आणि आज २० झालं, असं वाचून घरचे हादरतात आणि प्रत्यक्षात काहीच बदललेलं नसतं. दुसरं, ट्रोपोनिन-टी आणि ट्रोपोनिन-आय हे वेगवेगळे आहेत, आणि आय तर कंपनीगणिक वेगळं. तिन्ही नमुने एकाच लॅबमध्ये, एकाच यंत्रावर व्हायला हवेत. गंगापूरला एक आणि शहरात दोन असं केलंत तर तुलनाच होत नाही. बाहेरची लॅब निवडायचा हक्क रुग्णाला आहे. निवडायचीच तर पहिल्या नमुन्यापासून तीच ठेवा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर सांगा, काही यंत्रांवर त्यामुळे आकडा खोटा कमी येतो.

आकडा वाढला म्हणजे लगेच अँजिओग्राफी असं नाही. डॉक्टर आधी ईसीजी काढतील, हिमोग्लोबिन, रक्तदाब, प्राणवायू, जंतुसंसर्ग, किडनी बघतील, गरज वाटली तर आता इको करतील. फुप्फुसात गुठळी गेली तरी ट्रोपोनिन वाढतं, म्हणून तीही शंका तपासली जाते. रक्त कमी असेल तर ते भरून काढणं, बीपी सावरणं हाच पहिला उपचार. त्यानंतर अ‍ॅस्पिरिन आणि स्टॅटिन यांचा विचार होतो. जन औषधी केंद्रात या दोन गोळ्या मिळून महिन्याला शंभर-दोनशेच्या घरात पडतात. म्हणजे चाचणीपेक्षा उपचार स्वस्त. पण त्या गोळ्या मनाने सुरू करू नका, ताज्या जखमेत रक्तस्रावाची भीती असते. ठोके कमी करणाऱ्या गोळ्यांचंही तसंच. २००८ च्या ‘पॉइज’ अभ्यासात ऑपरेशनच्या दिवशीच मेटोप्रोलॉल सुरू केलेल्यांत हार्ट अटॅक कमी झाले, पण लकवा आणि मृत्यू वाढले. आधीपासून चालू असलेली गोळी मात्र सांगितल्याशिवाय बंद करायची नाही. रक्त पातळ करणाऱ्या डॅबिगाट्रानचा फायदा २०१८ च्या ‘मॅनेज’ अभ्यासात दिसला; ते कुणाला द्यायचं हे फिजिशियनच ठरवतील.

खुब्याच्या बाबतीत आणखी एक. आधीचं ट्रोपोनिन थोडं वाढलेलं आलं म्हणून ऑपरेशन चार-सहा दिवस लांबवणं हे म्हाताऱ्या माणसासाठी सुरक्षित असतंच असं नाही. पडून राहण्याने छाती भरते, गुठळ्या होतात. ‘लांबवण्याने नक्की काय सुधारणार आहे?’ हे फिजिशियन आणि सर्जन दोघांना एकत्र बसवून विचारा.

भरतीच्या वेळी डॉक्टरांशी बोलायचं ते इतकंच: “अण्णांचं वय बहात्तर, शुगर आहे. ऑपरेशनआधी एक आणि नंतर चोवीस आणि अठ्ठेचाळीस तासांनी ट्रोपोनिन करायचं का? आकडा वाढला तर इथे फिजिशियन कोण बघतील?” दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा. आकडा बघून पुढचं पाऊल टाकणारं कुणी नसेल, तर चाचणीचे पैसे वाया जातात. उत्तर ‘गरज नाही’ असं आलं तर कारण ऐकून घ्या. ते पटण्यासारखंही असू शकतं.

दुसऱ्या दिवशीच घरी सोडत असतील, तर निघण्यापूर्वी शेवटचा नमुना द्या आणि रिपोर्टसाठी कुणाला फोन करायचा तो क्रमांक लिहून घ्या. डिस्चार्ज कार्डवर तिन्ही आकडे, तारीख-वेळ आणि एकक लिहायला सांगा. रुग्णाची कागदपत्रं मागितल्यापासून ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. आकडा वाढलेला असेल तर टाके काढण्याच्या तारखेबरोबरच फिजिशियनची तारीखही त्याच कार्डवर घ्या, आणि फेरतपासणीला गंगापूरहून निघताना ते कार्ड, जुना ईसीजी आणि चालू गोळ्यांची पाकिटं एकाच पिशवीत न्या.